जॅकेट जुने, चिन्ह नवे: युद्धकालीन वैमानिकांच्या जॅकेटांवरील बनावट चिन्हांची परीक्षा

१/१३
दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी वैमानिकांची चामडी जॅकेटे आज संग्राहकांच्या बाजारात मोठ्या किमतीस विकली जातात. त्यातही तुकडीचे चिन्ह, वैमानिकाचे नाव आणि पाठीवर रंगवलेले विमान असेल, तर कोऱ्या जॅकेटाच्या कितीतरी पट मोल येते. जिथे मोल, तिथे बनावट आलीच. ती ओळखावी कशी, याविषयी आजचा हा धागा.

२/१३
प्रथम वस्तूची ओळख. 'ए-२' हे जॅकेट अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने १९३१ साली स्वीकारले. बहुधा घोड्याचे कातडे, पुढे झिप, झाकणाचे दोन खिसे, मनगटाला व कमरेला लोकरी विणीची पट्टी. १९४३ साली त्याची नवी खरेदी थांबली. वापर मात्र युद्ध संपेपर्यंत चालूच राहिला. तुकडीची चिन्हे व चित्रे कारखान्यात नव्हे, तर जॅकेट वैमानिकाच्या हाती आल्यावर चढत.

३/१३
नेमका याचाच लाभ बनावट करणारा घेतो. तो सहसा जॅकेट बनवतच नाही. अस्सल कोरे जॅकेट मिळवतो आणि त्यावर चिन्ह शिवतो. मग लेबल, झिप, कातडे सारे परीक्षेला उतरते आणि तरीही वस्तू खोटी असते. म्हणून 'हे जुने आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न असा: हे चिन्ह या जॅकेटावर केव्हा आले?

४/१३
पहिला साक्षीदार कातडे. कापडात सुईचे छिद्र काही काळाने मिटू शकते. कमावलेल्या कातड्यात ते कायम राहते. म्हणून चिन्हाभोवती भिंगाने पाहावे. आजच्या टाक्यांशी न जुळणारी जुनी छिद्रांची रांग दिसली, तर तिथे पूर्वी दुसरेच काही होते. जुन्या छिद्रांत मळ व मेण साचून कडा गुळगुळीत होतात. नव्या छिद्रांच्या कडा कोऱ्या व फिकट दिसतात.

५/१३
दुसरा साक्षीदार प्रकाश. ऐंशी वर्षांत उघडे कातडे उन्हाने विटते, घासले जाते; चिन्हाखालचा भाग झाकलेला राहतो. चिन्हाची कड किंचित उचलता आली, तर खालच्या कातड्याचा रंग गडद व ताजा दिसायला हवा. वरचे आणि खालचे कातडे सारखेच विटलेले असेल, तर ते चिन्ह तिथे बराच काळ नव्हते.

६/१३
तिसरा साक्षीदार रंग. पाठीवरील चित्र युद्धकाळात काढलेले असेल, तर कातड्याला सुरकुत्या पडल्या तेव्हा रंगही तिथेच तडकला. चित्र नंतरचे असेल, तर रंग आधीच पडलेल्या भेगांत उतरलेला दिसतो. म्हणजे भेग आधी आणि रंग नंतर. पुरातत्त्वात उत्खननाचे थर ज्या न्यायाने वाचतात, तोच हा न्याय. शिवाय पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांच्या हाती आले ते १९५०च्या दशकात.

७/१३
चौथा साक्षीदार धागा. पॉलिएस्टरचा शोध १९४१ साली इंग्लंडात लागला, पण शिवणाच्या धाग्यात ते आले युद्धानंतर. असे धागे आणि नव्या कापडातील शुभ्रकारक रसायने अतिनील दिव्याखाली अनेकदा निळसर पांढरी चमकतात. मात्र सावधान: जुने सुती चिन्ह पुढे आधुनिक साबणाने धुतले असेल, तर तेही चमकते. दिवा संशय उत्पन्न करतो, निकाल देत नाही.

८/१३
पाचवी परीक्षा आशयाची. अमेरिकेचे स्वतंत्र 'एअर फोर्स' अस्तित्वात आले १८ सप्टेंबर १९४७ रोजी. त्यापूर्वी ते लष्कराचाच भाग होते. तेव्हा १९४३चे म्हणून दाखवलेल्या चिन्हावर 'यू. एस. एअर फोर्स' असे नाव आले, की काळाचा मेळ बसत नाही. विमानांवरील ताऱ्याच्या दोन्ही बाजूंचे पट्टेही १९४३च्या मध्यानंतरचे. १९४२ साली रंगवल्याचे सांगितलेल्या चित्रात ते दिसले, तर थांबावे.

९/१३
रंगवलेले बॉम्ब मोजावेत. साधारणतः एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम. इंग्लंडातून लढणाऱ्या आठव्या हवाई दलात बॉम्बफेकी विमानांच्या चमूची मुदत आधी २५ मोहिमांची होती. १९४४ साली ती ३० आणि मग ३५ झाली. इटलीतील पंधराव्या दलात हिशेब ५०चा होता. आठव्या दलाचे चिन्ह आणि ५० बॉम्ब एकत्र दिसले, तर ते अशक्य नाही, पण कागदपत्रांचा आधार मागायलाच हवा.

१०/१३
आता आपल्याकडची गोष्ट. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरील अमेरिकी वैमानिक आसामच्या तळांवरून हिमालयाच्या पूर्व रांगा ओलांडून चीनला रसद पोहोचवत. त्यांची अनेक चिन्हे भारतीय कारागिरांनी हाताने बनवली. कुठे जरतारात, कुठे चामड्याचे तुकडे जोडून. त्यामुळे इथला तारा वाकडा किंवा रंग वेगळा असणे हा दोष नव्हे. बनावट करणारे हीच सबब पुढे करतात: 'स्थानिक काम आहे, म्हणून असे दिसते.' हाताचा वेगळेपणा मान्य करावा. धाग्याचे वय मात्र तपासावेच.

११/१३
याच आघाडीवरचे सर्वाधिक हवेसे वाटणारे नाव म्हणजे 'फ्लाइंग टायगर्स'. चीनसाठी लढलेले हे अमेरिकी स्वयंसेवक २० डिसेंबर १९४१ रोजी प्रथम लढले आणि ४ जुलै १९४२ रोजी त्यांचे पथक विसर्जित झाले. वैमानिक शंभराच्या आसपास. त्यांच्या जॅकेटांवर चिनी ध्वज आणि 'या परदेशी साहाय्यकास वाचवा' अशा आशयाचा चिनी मजकूर असलेले कापड शिवलेले असे. इतक्या थोड्या माणसांची जॅकेटे सहज विक्रीस येत असतील, तर शंका रास्तच.

१२/१३
मात्र प्रत्येक नंतरचे चिन्ह बनावट नसते. सैनिकांनी पुढे स्नेहमेळाव्यांसाठी आपल्या तुकडीची चिन्हे नव्याने करून घेतली. हौशी लोकांसाठी प्रतिकृती निघाल्या. १९८८ साली अमेरिकी हवाई दलाने 'ए-२' पुन्हा वापरात आणले. प्रतिकृती आपले वय लपवत नाही. वय लपवून ती विकली, की तिथून बनावट सुरू होते.

१३/१३
हा केवळ धनिकांच्या छंदाचा विषय नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागारास आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करी सैनिकांच्या सुमारे ८० टक्के सेवानोंदी जळाल्या. त्यांत महायुद्धातील वैमानिकही आले. कागद गेल्यावर काही कुटुंबांपाशी साक्ष उरली ती अशा जॅकेटाचीच. कोऱ्या जॅकेटावर खोटे नाव शिवणारा ग्राहकाला तर फसवतोच. शिवाय ते जॅकेट ज्याने खरोखर अंगात घातले, त्याचा उरलासुरला मागही तो पुसतो. कोरे जॅकेट निदान खोटे बोलत नाही. ते कोरेच राहू द्यावे.