देवळामागची विहीर आणि सभामंडपाची भिंत

श्रीभैरवनाथाच्या कृपेने व समस्त ग्रामस्थांच्या श्रमाने आपल्या देवालयाच्या जीर्णोद्धाराचे कार्य तडीस गेले, ही आपणा सर्वांस धन्यतेची गोष्ट आहे. शिखर उभे राहिले, फरशी झाली, सभामंडप प्रशस्त झाला. मंडपाची पश्चिमेकडील भिंत मात्र अद्याप कोरी आहे. तिच्यावर देवळामागच्या जुन्या विहिरीचा इतिहास हायस्कूलच्या मुलांकडून चित्ररूपाने काढून घ्यावा, अशी सूचना समितीपुढे आली आहे. काहींस ती पसंत पडली, तर काहींनी "देवळात विहिरीचे चित्र कशाला?" असा प्रश्न केला. त्या निमित्ताने हे चार शब्द लिहीत आहे.

देऊळ आणि पाणी यांची जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वीच्या वास्तुशास्त्रकारांनी देवालयाप्रमाणे पायऱ्यांच्या विहिरींचेही प्रकार सांगितले आहेत. एका बाजूने उतरावयाची ती नंदा, दोन बाजूंची भद्रा, तीन बाजूंची जया आणि चारही बाजूंनी पायऱ्या असलेली विजया. मराठवाड्यात व इतरत्रही जुन्या बारवांच्या भिंतींत देवकोष्ठे आढळतात. खेड्यापाड्यांत विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड आजही पुजले जातात. तेव्हा विहीर ही देवळाबाहेरची वस्तू आहे, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले नाही.

आपल्या खिशातील शंभराची नवी नोट उलटून पाहावी. २०१८ साली निघालेल्या या नोटेवर गुजरातेतील पाटणच्या 'राणी की वाव'चे चित्र आहे. अकराव्या शतकात राणी उदयमतीने राजा भीमदेवाच्या स्मरणार्थ ही विहीर बांधविली, असे सांगतात. तिच्या भिंतींवर शेषशायी विष्णू व अवतारांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. सरस्वती नदीच्या गाळाने ही वाव शतकानुशतके बुजून गेली होती. पुरातत्त्व खात्याने गाळ काढून ती पुन्हा उजेडात आणली व २०१४ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. गाळ निघाला म्हणून कला दिसली, हे आपणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात लिंब येथे बारा मोटांची विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वीरूबाईसाहेबांनी ती बांधविली. शके १६४१, विकारी नाम संवत्सरी काम सुरू होऊन शके १६४६, क्रोधी नाम संवत्सरी पूर्ण झाले, असे तेथील शिलालेख सांगतो. म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. अष्टकोनी विहीर, तिला जोडलेली चौकोनी विहीर आणि मध्ये चक्क महाल! वरून पाहता आकार शिवलिंगासारखा दिसतो. दगडांवर कमळे, चक्रे, गणपती, मारुती, पैलवान, हत्ती-घोड्यांवरील स्वार कोरले आहेत. पाणी काढण्याच्या जागी एवढी कलाकुसर करणारे आपले पूर्वज किती रसिक असतील!

परंतु शिलालेखात नाव आहे ते बांधविणाऱ्यांचे. ज्यांनी दगड फोडला व घडविला, ज्यांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या मोटा हाकल्या, त्यांची नावे कोणी कोरली नाहीत. आपल्या विहिरीवर तर शिलालेखच नाही. तिच्यावरचा लेख एकच: काठाच्या दगडांवर दोरांनी पडलेल्या खोल खाचा. चित्रे काढणाऱ्या मुलांनी प्रथम त्या खाचांवर कागद ठेवून कोळशाने ठसे घ्यावेत. त्यांतच निम्मा इतिहास आहे.

उरलेला इतिहास वडीलधाऱ्यांच्या तोंडी व दप्तरी मिळेल. सातबारा उताऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात विहिरीतील हिस्से नोंदलेले असतात. कोणाचा अर्धा, कोणाचा चार आणे, हे तेथे दिसते. भाऊ वेगळे झाले, बांध पडले, वाडे विभागले, तरी विहीर एकच राहिली आणि पाळीपाळीने पाणी घेतले गेले. हाही चित्राचाच विषय आहे.

मोट म्हणजे सगळ्या गावाची कारागिरी होती. चाक सुताराचे, लोखंडकाम लोहाराचे. कातडे कमावून मोट शिवली ती ढोर व चर्मकार बांधवांनी. नाडा आणि सोंदूर वळला तो मातंग बांधवांनी. बैल धावेवरून उतरले की मोट वर येई, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे व पाटाने मळ्यात जाई. मोटकऱ्याचे गाणे पहाटे शिवारभर ऐकू येत असे. पुढे तेलाची इंजिने आली, मग विजेचे पंप आले आणि मोट अडगळीत गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. ज्यांनी शिवलेल्या मोटेतून आणि ज्यांनी वळलेल्या दोराने गावचे मळे भिजले, त्यांनाच त्या विहिरीवर पोहरा टाकण्याची मुभा नव्हती. त्यांच्या घरच्या स्त्रिया घागर घेऊन दूर उभ्या राहत व कोणी वरून पाणी ओतील त्याची वाट पाहत. हे गावोगावचे सत्य आहे. ज्यांचे मूळ गाव आपल्या जिल्ह्यातील कटगुण, त्या महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. प्रेमचंदांनी १९३२ साली एका तहानलेल्या घराची कथा लिहिली, तिचे नावच 'ठाकूर का कुआँ'. आणि भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरींचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या शब्दासाठी घटनेत जागा करावी लागली, त्याला आपल्या भिंतीवर जागा नको काय?

म्हणून नम्र सूचना अशी, की चित्र काढावयाचे तर सगळे काढावे. विहीर बांधणारे पाथरवट असावेत, मोटकरी व बैल असावेत, दोर ओढून तळहातांस घट्टे पडलेल्या आयाबहिणी असाव्यात. आणि घागर घेऊन दूर थांबलेली ती माउलीही असावी. तिला कोपऱ्यात लहान काढू नये, इतरांएवढीच काढावी. गावाची बदनामी होईल असे कोणास वाटेल. पण ज्या मंडपात आज सर्व समाज एका पंगतीस बसतो, तेथे हे चित्र असणे ही बदनामी नसून गाव किती वाट चालून आले याची ती खूण ठरेल. शिवाय ही गोष्ट मुलांनी आपल्या हाताने रेखाटली, तर ती त्यांस पाठ करावी लागणार नाही.

आणखी एक. आज त्या विहिरीत निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या व बांधकामाचा राडारोडा पडलेला आहे. भिंतीवर सुंदर विहीर आणि मागे उकिरडा, हे देवासही आवडणार नाही. तरी रंगाचा डबा उघडण्यापूर्वी श्रमदानाने गाळ काढावा आणि मग पहिली घागर सर्वांच्या हातांनी ओढून त्याच पाण्याने श्रींस अभिषेक करावा. श्रीभैरवनाथ आपणा सर्वांस तशी सुबुद्धी देवो, हीच त्याचे चरणी प्रार्थना.