जिस्ट कार्ड

जिस्ट कार्ड हे आयबीएम पीसी व तत्सम वैयक्तिक संगणकांत बसवावयाचे विस्तार कार्ड होते. ते बसवल्यावर डॉस कार्यप्रणालीवरील मूळ इंग्रजी आज्ञावल्यांत मराठीसह अन्य भारतीय भाषांतील मजकूर भरता व पाहता येत असे. पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ते बाजारात आणले. महासंगणकासाठी स्थापन झालेली ही संस्था या कार्डामुळे कार्यालयातील टेबलावरच्या संगणकापर्यंत पोहोचली.

पार्श्वभूमी

या तंत्राचा उगम आयआयटी कानपूर येथे झाला. तेथे विकसित केलेला देवनागरी संगणक १९८३ मध्ये दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात दाखवण्यात आला होता. १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या संचालकत्वाखाली सी-डॅकची स्थापना झाली आणि मोहन तांबे यांच्यासह हे काम पुण्यात आले. संस्थेचा परम ८००० हा महासंगणक १९९१ चा.

कार्य आणि विदासंच

डीबेससारख्या विदासंच आज्ञावलीला लिपीचे ज्ञान नसते. ती केवळ आठ बिटांचे संकेत साठवते व पडद्याकडे पाठवते. कार्ड त्या संकेतांची अक्षरे घडवून पडद्यावर दाखवत असे. त्यामुळे आज्ञावलीत कोणताही बदल न करता मराठी नावांची यादी तयार करता येई. संकेतांसाठी इस्की ही पद्धती होती (भारतीय मानक १३१९४, १९९१). तिच्यात पहिली १२८ स्थाने इंग्रजीसाठी कायम ठेवून उरलेली भारतीय लिप्यांना दिली होती. संकेतांचा क्रम वर्णमालेला अनुसरून असल्याने नोंदी साध्या आज्ञेने अकारविल्हे लागत. मात्र इस्कीत ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो, मराठी वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर नव्हे.

रकान्याची रुंदी ठरवतानाही काळजी घ्यावी लागे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव चार अक्षरांचे दिसत असले, तरी त्याला दहा संकेत लागतात. आठ स्थानांच्या रकान्यात ते अर्धवटच साठवले जाई.

उतरता काळ

विंडोज प्रणाली अक्षरे स्वतःच चित्ररूपात रेखाटत असल्याने कार्डाचा आधारच नाहीसा झाला. सी-डॅकने त्याऐवजी आयएसएम व लीप ही सॉफ्टवेअर उत्पादने आणली. ‘सुरेख’ व ‘योगेश’ हे त्यांचे फाँट महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत रूढ झाले. परंतु अनेक दस्तऐवजांत आता वर्णांऐवजी फाँटमधील आकारांचे संकेत साठवले जाऊ लागले. तो फाँट नसलेल्या संगणकावर असा मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसे, आणि त्याची अकारविल्हे मांडणीही होत नसे. छपाई देखणी झाली, विदा मात्र मागे गेली.

युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय कार्यप्रणालीतच उपलब्ध झाली. त्यामुळे इस्कीतील जुन्या नोंदी युनिकोडमध्ये नेणे तुलनेने सोपे ठरते. फाँटच्या संकेतांत साठवलेल्या मजकुरासाठी मात्र प्रत्येक फाँटकुलाचा स्वतंत्र परिवर्तक लागतो.