निळी भिंत आणि 'कळण्याची' भीती

दिवाळीला इतरांची घरं रंगतात, आपली १४ एप्रिलच्या आधी. यंदा शेजारच्या ताईंनी घर रंगवायला काढलं. मुलगा बँकेत, सून शिक्षिका. शेडकार्ड मांडून सगळे बसलो होतो. ताईंचं बोट निळ्यावर गेलं तसा मुलगा म्हणाला, "आई, निळा नको. ऑफिसची माणसं येतात. बघूनच कळतं." काय कळतं, ते त्याने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

रंग ही आवडीची बाब, त्यात जात कशाला, असं म्हणणारे आपल्यातही आहेत. गावगाड्याने अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची यादी बाबासाहेबांनी दिली आहे. त्यात कौलारू घर बांधणं हाही गुन्हा आहे. जिथे डोक्यावरचं छप्पर जातीने ठरत होतं, तिथे भिंत तेवढी निरागस कशी राहील?

पण रंगाला स्वतःची जात नसते, हेही इतिहासच सांगतो. अजिंठ्याची १, २, १६ आणि १७ क्रमांकाची लेणी म्हणजे विहार, भिक्खूंची राहती घरं. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, त्यांच्या भिंती रंगल्या. गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, काजळी, चुना, हे साधे रंग. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. १६ व्या लेण्याचा दाता वराहदेव हा हरिषेण राजाचा मंत्री. म्हणजे विहारात निळा आला तो श्रीमंतांच्या दानातून. त्याचा आणि आपल्या झेंड्याचा धागा मी ओढूनताणून जोडणार नाही.

गरिबाच्या भिंतीवर निळा आणला तो कारखान्याने. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे याने चिनीमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून लाजवर्दासारखाच रंग बनवला. सोन्याच्या तोलाचा रंग पुडीत आला. कपड्यांची नीळ ती हीच. ही नीळ चुन्यात टिकते; प्रशियन ब्लू नावाचा दुसरा निळा चुन्यात टाकला तर तपकिरी पडतो. आमच्या आज्यांना हे रसायन कुणी शिकवलं नव्हतं. चिमूटभर टाकली की पिवळट चुना पांढरा दिसतो, मूठभर टाकली की भिंत आकाशी होते, एवढं त्यांना नजरेने कळत होतं.

अशा निळ्या भिंती सगळ्याच जातींच्या घरांत होत्या. जोधपूरच्या ब्रह्मपुरीत तर निळं घर ही ब्राह्मणाच्या घराची खूण मानली गेली. तिथेही बघूनच कळतं! पण तिथे पर्यटक लांबून फोटो काढायला येतात.

आपल्याकडे अर्थ पालटला तो चळवळीने. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं, त्याचा झेंडा निळा. पुढे रिपब्लिकन पक्षानेही तोच रंग घेतला. स्वस्त म्हणून लावलेली नीळ आता ओळख म्हणून लावली जाऊ लागली. आणि ओळख म्हटली की तिची किंमत मोजावी लागते. भाड्याची खोली बघताना मला एका घरमालकाने आधी आडनाव विचारलं, त्यावरून अंदाज लागेना तेव्हा "घरात फोटो कुणाचे लावता?" असं विचारलं. खोली मिळाली नाही.

म्हणून ताईंच्या मुलाची भीती मला समजते, पण पटत नाही. खोली लहान आहे, उजेड कमी आहे म्हणून फिकट रंग लावायचा असेल तर खुशाल लावावा. ऑफ-व्हाइटला शेडकार्डवाले 'न्यूट्रल' म्हणतात. ज्यांना आडनाव लपवावं लागत नाही, त्यांना तो न्यूट्रल वाटणारच.

शेवटी सुनेने तोडगा काढला. तीन भिंती ऑफ-व्हाइट, आणि बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो असलेली भिंत निळी. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी रंगारी आला. त्याने त्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "हिला ओल आहे. प्लास्टिक पेंट फुगेल, चुनाच मारा." ताई आत गेल्या आणि निळीची पुडी घेऊन आल्या.