कवळीचा सांगाडा आणि धातूचे आकसणे
तोंडात काही दात शिल्लक असताना वापरावयाच्या, काढता-घालता येणाऱ्या आंशिक कवळीचे यश तिच्या धातूच्या सांगाड्याच्या बसणुकीवर अवलंबून असते. त्याचे आकडे, म्हणजे आधाराच्या दातांना कवेत घेणारे लवचीक बाहू, आणि टेकू, म्हणजे चावण्याचा दाब दातांवर उतरवणारी टोके, नेमक्या जागी टेकली नाहीत तर भार हिरडीवर पडतो आणि आधाराचे दातच हलू लागतात. १९०७ मध्ये अमेरिकेत विल्यम टॅगार्ट यांनी मेणाची प्रतिकृती वितळवून उरलेल्या पोकळीत सोने ओतण्याची रीत दंतवैद्यांपुढे मांडली. ओताऱ्यांना ती हजारो वर्षे ठाऊक होती, पण मूर्तीत जी तफावत नजरेसही येत नाही ती दातावर खुपते. सोन्याचे मिश्रधातू थंड होताना सुमारे दीड टक्का आकसतात, आणि साचा तेवढाच फुगवून ही तूट भरून काढता येई. १९३० च्या सुमारास व्हायटॅलियम हा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू आला. तो स्वस्त, ताठ आणि सोन्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असला, तरी दोन टक्क्यांहून अधिक आकसतो, आणि त्याचा रस १३०० अंश सेल्सिअसपलीकडे तापलेला असल्याने जिप्समचे जुने साचे त्यापुढे टिकत नाहीत. म्हणून फॉस्फेटने बांधलेले साचे आले. शिवाय मेणाचा नाजूक सांगाडा उचलताना वाकू नये, यासाठी तो जबड्याच्या उष्णतारोधक प्रतिकृतीवरच रचून तिच्यासकट साच्यात पुरण्याची पद्धत रूढ झाली, आणि बसणुकीतील मोठी सुधारणा या साध्या दिसणाऱ्या युक्तीचीच मानावी लागते. तरीही दंतवैद्य सांगाड्याच्या आतल्या बाजूस रंग फासून तो दातांवर बसवतो आणि जिथे रंग पुसून धातू चमकतो, तेवढाच ठिपका घासतो.