खानदेशचा सीलाकांथ

२२ डिसेंबर १९३८. दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात मासेमारी बोटीवरील ढिगात संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना मांसल, पायांसारख्या परांचा एक निळसर मासा दिसला. तो सीलाकांथ होता. तोवर त्याचे केवळ जीवाश्म ठाऊक होते. डायनोसॉरांच्या अस्ताबरोबर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तो संपला असे मानले जाई. म्हणून तो ‘जिवंत जीवाश्म’.

खानदेशाला समुद्र नाही. तरीही गेला असे समजलेला जीव परत दिसण्याची घटना सातपुड्याच्या पायथ्याशी घडली. तो वीतभर उंचीचा वनपिंगळा. त्याला जीवाश्म म्हणता येणार नाही. त्याचा अज्ञातवास अवघा ११३ वर्षांचा.

या घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी असलेले ह्यूम ते हेच. नंतर जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र सारे शांत.

या शांततेत एक खोटा आवाज घुसला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर ‘मांडवी, गुजरात, १९१४’ अशी नोंद होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी कातड्याची बांधणी बारकाईने तपासली, तेव्हा तो डेव्हिडसनचाच, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेला नमुना निघाला. चोरीपेक्षा खोटा पत्ता अधिक घातक होता, कारण शोधणाऱ्यांना तो भलत्याच ठिकाणी पाठवीत होता.

रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारून जुने, खरे पत्ते धरले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या शहाद्याजवळ असताना निष्पर्ण झाडावर वनपिंगळा बसलेला दिसला. घुबड असूनही तो दिवसा वावरतो. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला.

पुढे तोरणमाळ, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य, मेळघाट येथेही त्याच्या नोंदी झाल्या. सीलाकांथला खोल समुद्राचा आडोसा आहे. वनपिंगळ्याला हवे ते विरळ, कोरडे सागवानी रान. शेती आणि सरपणासाठी पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. आजही तो ‘संकटग्रस्त’ यादीत आहे.