कद्री गोपालनाथ : सॅक्सोफोनला रागसंगीत शिकविणारा कलावंत

कद्री गोपालनाथ (६ डिसेंबर १९४९ – ११ ऑक्टोबर २०१९) हे कर्नाटक संगीतातील विख्यात सॅक्सोफोनवादक आणि गुरू. भारतात प्रामुख्याने बँडमधून, जॅझमधून आणि चित्रपटगीतांतून ऐकू येणाऱ्या या पाश्चात्त्य वाद्यावर त्यांनी रागसंगीताची संपूर्ण मैफल उभी केली. व्हायोलिन आणि मृदंगम यांच्या साथीने, मांडी घालून बसून सॅक्सोफोन वाजविणारे गोपालनाथ हे दक्षिणेच्या संगीतसभांतील परिचित दृश्य झाले होते.

त्यांचा जन्म कर्नाटकातील दक्षिण कन्नड जिल्ह्यात, बंटवाळ तालुक्यातील सजीपमूडा या गावी झाला. वडील तनियप्पा नागस्वरवादक होते. मंगलवाद्याचे पहिले संस्कार त्यांच्याकडूनच झाले. त्यांच्या नावातील ‘कद्री’ हा मंगळूर शहराचा मंजुनाथाच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेला भाग होय. बालवयात म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि त्या भरदार नादाने ते भारून गेले. आपल्याला हेच वाद्य वाजवायचे, हा निश्चय त्यांनी केला; तो तडीस जाण्यास मात्र सुमारे वीस वर्षे लागली.

हा काळ एवढा दीर्घ का, हे वाद्याच्या घडणीवरून समजते. आडोल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने सॅक्सोफोन तयार केला आणि १८४६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. पितळी नळीवरील छिद्रे चाव्यांना जोडलेल्या गाद्यांनी उघडतात वा मिटतात. प्रत्येक स्वराची जागा त्यामुळे ठरलेली असते. कर्नाटक संगीतात स्वर असा सुटा उभा राहत नाही. तो शेजारच्या स्वराला स्पर्श करतो, आंदोलित होतो, घसरत पुढे जातो. या गमकांतूनच राग ओळखू येतो. नागस्वराची छिद्रे उघडी असल्याने वादकाला ती बोटाने अर्धवट झाकता येतात. सॅक्सोफोनवर बोट आणि छिद्र यांच्यामध्ये चावी असते. त्यामुळे ओठांचा दाब, श्वासाचे नियमन आणि चावी हळुवार उघडण्याचे कसब यांतूनच गमक साधावे लागते. गोपालनाथांनी हे तंत्र कष्टाने कमावले आणि आपल्या गरजेप्रमाणे वाद्याच्या रचनेतही फेरफार केले.

मंगळूरच्या कलानिकेतनमधील एन. गोपालकृष्ण अय्यर हे त्यांचे आरंभीचे गुरू. पुढे चेन्नईत मृदंगवादक व गायक टी. व्ही. गोपालकृष्णन यांनी त्यांचे सामर्थ्य ओळखून त्यांना घडविले. त्यांच्या कारकिर्दीला मोठे वळण मिळाले ते मुंबईत. १९८० च्या जॅझ महोत्सवात त्यांचे वादन ऐकून अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी प्रभावित झाले आणि दोघांनी एकाच रंगमंचावर वादन केले. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील बीबीसीच्या प्रॉमेनाड मैफलींत त्यांचे वादन झाले. त्याच वर्षी के. बालचंदर यांचा ‘डुएट’ हा तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला. ए. आर. रहमान यांच्या संगीतातील त्यांचे सॅक्सोफोनवादन घरोघरी पोहोचले. २००४ मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविले.

परक्या वाद्याला रागसंगीतात स्थान द्यावे की नाही, हा वाद जुनाच आहे. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी हार्मोनियमला प्रतिष्ठा मिळवून दिली, तरी मींड आणि श्रुती यांना ती न्याय देत नाही, या आक्षेपापोटी १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला आपल्या केंद्रांवर बंदी घातली. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाळुस्वामी दीक्षितरांनी स्वीकारलेले व्हायोलिन आज कर्नाटक मैफलीचे अविभाज्य अंग आहे. वाद्य कोठून आले यापेक्षा गायकाच्या गळ्यातील वळण त्यातून उमटते की नाही, हीच अखेर कसोटी ठरते. गोपालनाथ या कसोटीला उतरले. चावी दाबून स्वर काढणे सोपे होते. दोन स्वरांमधील वाट दाखविणे अवघड होते आणि त्यांनी तेच केले.

व्हायोलिनवादक ए. कन्याकुमारी यांची साथ त्यांना दीर्घकाळ लाभली. बासरीवादक प्रवीण गोडखिंडी यांच्यासह त्यांनी केलेल्या जुगलबंद्यांतून कर्नाटक व हिंदुस्थानी पद्धती समोरासमोर आल्या. अमेरिकेतील जॅझ सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांच्याबरोबरचा ‘किन्समेन’ हा त्यांचा ध्वनिमुद्रित संग्रह २००८ मध्ये प्रकाशित झाला. अशा प्रयोगांतही त्यांनी रागाची चौकट सोडली नाही.

मंगळूर येथे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र मणिकांत कद्री संगीतकार आहेत. एम. एस. लावण्या व एम. एस. सुब्बलक्ष्मी या भगिनी आणि अमेरिकेतील प्रशांत राधाकृष्णन हे त्यांचे शिष्य. गोपालनाथांना हे वाद्य रागासाठी वळविण्यात तारुण्य वेचावे लागले. त्यांच्या शिष्यांना मात्र ती वाट गुरूकडून तयार मिळाली.