किल्ली कोणाच्या कनवटीला?



गावच्या कर्जाचा इतिहास सांगताना आपण शेतकरी, सावकार आणि सरकार अशी तिघांची नावं घेतो. चौथीचं नाव सहसा निघत नाही. ही चौथी म्हणजे घरची कारभारीण. पेरणीला पैसा कमी पडला की तिच्या पाटल्या गहाण पडत. पण कर्ज किती काढायचं, कशासाठी काढायचं, हे तिला क्वचितच विचारलं जाई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. हाती आले ते रोखे त्यांनी जाळले. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. सोय झाली खरी, पण ती फार थोड्यांपर्यंत पोचली. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत काय आढळलं, ठाऊक आहे? शेतकऱ्यानं घेतलेल्या शंभर रुपये कर्जापैकी जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे होते! मग जिच्या नावावर जमिनीचा तुकडाही नाही, तिला कोण उभं करणार?

वाट काढली ती बायकांनीच. १९७४ साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतल्या चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. इथं तारण जमिनीचं नव्हतं. दरमहाची बचत आणि एकमेकींचा शब्द, हीच पत. आपल्या सातारा जिल्ह्यात, दुष्काळी माण तालुक्यातल्या म्हसवडला, १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बायका अंगठेबहाद्दर म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला होता. बायका खचल्या नाहीत. अक्षरं गिरवली, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या!

पण मंडळी, नावावर कर्ज आलं म्हणजे हाती कारभार आला, असं समजू नका. बांगलादेशातल्या खेड्यांचा अभ्यास करून गोएट्झ आणि सेनगुप्ता या दोघींनी १९९६ साली दाखवून दिलं, की बायकांच्या नावे निघालेल्या कर्जांपैकी बऱ्याच कर्जांचा विनियोग घरचे पुरुषच ठरवीत. म्हणजे पैसा त्याच्या हाती आणि हप्ता मात्र तिच्या डोक्यावर. कर्ज छोटं असलं तरी वसुली कठोर असू शकते. आंध्र प्रदेशात २०१० साली खासगी कंपन्यांच्या जाचक वसुलीविरुद्ध सरकारला वटहुकूम काढावा लागला.

तेव्हा गुरुजी आणि बाई, आपल्याला एक विनंती. वर्गात व्याजाचं गणित शिकवाल तेव्हा घरच्या कर्जाचंच उदाहरण घ्या. दरमहा शेकडा दोन म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस, हे मुलीला उमजू द्या. आणि कारभारी, तुम्हीही आज घरी एवढंच करा. पासबुक फडताळातून काढा, घरधनिणीपुढे ठेवा आणि सही करायच्या आधी तिला विचारा, “हे कर्ज काढायचं का?” तिनं “नको” म्हटलं, तर तेही ऐकायची तयारी ठेवा. हप्ता तिला भरायचा असेल, तर नाही म्हणायचा हक्कही तिचाच.